पायथागोरसचं प्रमेय प्रत्यक्षात कसं वापरायचं? प्लॉटच्या काटकोनापासून मोबाइलमधल्या नकाशापर्यंत

पायथागोरसचं प्रमेय आपण सगळेच शाळेत शिकलो. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये त्यावर आख्खं प्रकरण आहे. सिद्धता पाठ करायची, चार मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं, असा बहुतेकांचा अनुभव. पण टेप हातात धरून किंवा कीबोर्डवर बसून रोज जे प्रश्न सोडवावे लागतात, त्यातले कितीतरी या एकाच सूत्राने सुटतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अंतर मोजणारा कोड लिहिताना हे प्रमेय मला सारखं लागतं. या लेखात मात्र कोडच्या आधी घर, प्लॉट, शिडी, रॅम्प असे प्रश्न घेतले आहेत, कारण तिथे गणित चुकलं तर पैसे जातात किंवा कुणाला तरी इजा होते. प्रत्येक उदाहरणात आकडे पूर्ण सोडवून दाखवले आहेत. तुमचे आकडे घालून तेच गणित तुम्ही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करू शकता.

## प्रमेय थोडक्यात

काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. हीच सगळ्यात लांब बाजू. उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते.

एक बाजू ३ आणि दुसरी ४ असेल तर ९ + १६ = २५. २५ चं वर्गमूळ ५. म्हणून कर्ण ५.

याचे तीन उपयोग होतात, आणि ते वेगवेगळे लक्षात ठेवलेले बरे:

१. दोन बाजू माहीत असतील तर कर्ण काढणे. वर्गांची बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या.

२. कर्ण आणि एक बाजू माहीत असेल तर दुसरी बाजू काढणे. कर्णाच्या वर्गातून त्या बाजूचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या.

३. तिन्ही बाजू माहीत असतील तर कोन काटकोन आहे का ते तपासणे. हा प्रमेयाचा व्यत्यास. शाळेत याकडे फारसं कुणी बघत नाही, बांधकामावर मात्र सगळ्यात जास्त हाच वापरतात.

नाव पायथागोरसचं असलं तरी ही गोष्ट त्याच्या बऱ्याच आधीपासून माहीत होती. बॅबिलोनियातली 'प्लिम्प्टन ३२२' ही सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची मातीची पाटी अशाच संख्यांच्या त्रिकुटांनी भरलेली आहे. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा हा नियम स्पष्ट सांगितला आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाच्या वेदी दोरीने आखायच्या, म्हणून तो नियम हवा होता. म्हणजे हे गणित मुळात साइटवरचंच!

## प्रश्न मांडायची पद्धत

गणित सोपं असतं. अवघड असतं ते प्रत्यक्ष वस्तूत त्रिकोण शोधणं. माझी पद्धत अशी:

- कागदावर आकृती काढा, वेडीवाकडी चालेल.
- काटकोन कुठे आहे ते शोधा. भिंत आणि जमीन, उंची आणि पाया, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण. काटकोन सापडत नसेल तर पुढे जाऊ नका.
- काटकोनासमोरची बाजू कोणती, म्हणजे कर्ण कोणता, ते ठरवा.
- सगळी मापं एकाच एककात आणा. फूट आणि इंच मिसळले की उत्तर चुकलंच. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ नव्हे, ५.५ फूट.
- उत्तर आल्यावर दोन गोष्टी तपासा: कर्ण प्रत्येक बाजूपेक्षा मोठा आहे का, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजेपेक्षा लहान आहे का? नसेल तर कुठेतरी घोटाळा आहे.

## काटकोन आहे का? गवंड्याची ३-४-५ पद्धत

पायाची लाइनआउट करताना मिस्त्री खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो आणि कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात आहे. हा प्रमेयाचा व्यत्यास. कित्येक मिस्त्री शाळेत फार शिकलेले नसतात, पण हे त्यांना पक्कं येतं.

हातात गुण्या असताना दोरीची उठाठेव कशाला? कारण गुण्या लहान असतो. समजा, गुण्याची बाजू ६० सेंटिमीटर आहे आणि तिथे फक्त २ मिलिमीटर फरक पडला. ४० फुटांच्या, म्हणजे साधारण १२.२ मीटरच्या भिंतीच्या टोकाला तो फरक ४ सेंटिमीटर होतो. म्हणून मोठ्या कामात त्रिकोणही मोठा घ्यायचा: ६-८-१०, ९-१२-१५ किंवा १२-१६-२०. त्रिकोण जितका मोठा, तितका टेपच्या एखाद्या मिलिमीटरच्या चुकीचा परिणाम कमी.

आयत पूर्ण आखून झाल्यावर शेवटची तपासणी म्हणजे दोन्ही कर्ण मोजणे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तरच चारही कोपरे काटकोनात आहेत. ३० × ४० फुटांच्या आयताचा कर्ण ५० फूट यायला हवा. समजा, ३० फुटांची बाजू फक्त ३ इंच कलली आहे. नुसत्या डोळ्यांना ते दिसणार नाही. पण तेव्हा एक कर्ण ४९.८० फूट आणि दुसरा ५०.२० फूट येतो, म्हणजे जवळजवळ ५ इंचांचा फरक. कोपऱ्यातली छोटी चूक कर्णात मोठी होऊन दिसते.

ही चूक पायात राहिली तर पुढे कुठे दिसते? फरशी बसवताना. भिंतीच्या एका टोकाला फरशीचा तुकडा ४ इंचांचा आणि दुसऱ्या टोकाला १ इंचाचा कापावा लागतो. तोपर्यंत भिंती उभ्या राहिलेल्या असतात आणि काही करता येत नाही. घर तुमचं असेल तर पायाच्या लाइनआउटच्या दिवशी साइटवर जा आणि दोन्ही कर्ण स्वतः मोजून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

## चार बाजू मोजल्या म्हणजे जागा मोजली का?

नाही! आणि इथे खरे पैसे अडकलेले असतात.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ × ३३ फुटांचा चौरस. समजा, कुणी तुम्हाला प्लॉट दाखवला आणि चारही बाजू टेपने ३३-३३ फूट भरल्या. म्हणजे गुंठा झाला असं वाटेल. पण चार बाजू सारख्या असलेली आकृती चौरसच असते असं नाही, ती समभुज चौकोनही असू शकते, म्हणजे पतंगासारखी दबलेली.

आता कर्ण मोजा. खऱ्या चौरसाचा कर्ण ४६ फूट ८ इंच यायला हवा. त्याऐवजी तो ४० फूट आला असं धरू. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. म्हणून एका छोट्या त्रिकोणाची एक बाजू २० फूट आणि कर्ण ३३ फूट. दुसरी बाजू काढू: १,०८९ − ४०० = ६८९, त्याचं वर्गमूळ २६.२५. म्हणजे दुसरा कर्ण ५२.५ फूट. क्षेत्रफळ = ४० × ५२.५ ÷ २ = १,०५० चौरस फूट. चारही बाजू बरोबर भरूनही ३९ चौरस फूट कमी. तिथला चौरस फुटाचा भाव घालून गुणाकार तुम्हीच करा.

बाजू असमान असतील तर लोक सर्रास समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढतात आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करतात. आयत सोडून इतर कुठल्याही चौकोनात ही पद्धत क्षेत्रफळ जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. म्हणजे ती नेहमी विकणाऱ्याच्या फायद्याची!

उदाहरण बघू. प्लॉटच्या बाजू क्रमाने ३०, ४०, ३८ आणि ३४ फूट. सरासरीने: (३० + ३८) ÷ २ = ३४ आणि (४० + ३४) ÷ २ = ३७. गुणाकार १,२५८ चौरस फूट.

आता एक कर्ण मोजला, तो ४४ फूट भरला. प्लॉटचे दोन त्रिकोण झाले: एक ३०, ४०, ४४ चा आणि दुसरा ३८, ३४, ४४ चा. तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायला हेरॉनचं सूत्र वापरायचं (त्याची सिद्धताही पायथागोरसवरूनच देता येते). तिन्ही बाजूंच्या बेरजेचा निम्मा घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, चारही संख्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ घ्या.

पहिला त्रिकोण: निम्मी बेरीज ५७. ५७ × २७ × १७ × १३ = ३,४०,११९. वर्गमूळ ५८३.२.

दुसरा त्रिकोण: निम्मी बेरीज ५८. ५८ × २० × २४ × १४ = ३,८९,७६०. वर्गमूळ ६२४.३.

एकूण १,२०७.५ चौरस फूट. सरासरीच्या हिशेबापेक्षा तब्बल ५० चौरस फूट कमी.

अधिकृत क्षेत्रफळासाठी भूमी अभिलेख विभागाची मोजणीच ग्राह्य, टेपचा हिशेब नाही. पण बोलणी करायला बसण्याआधी आपल्याला अंदाज हवा. त्यासाठी चार बाजू आणि एक कर्ण अशी पाच मापं घ्या, चार नव्हे.

## टीव्हीचे इंच

टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल या सगळ्यांच्या पडद्याचे इंच म्हणजे कर्ण. ५५ इंची टीव्ही ५५ इंच रुंद नसतो. मग भिंतीवरच्या किंवा फर्निचरच्या कप्प्यात तो मावेल का?

आजच्या टीव्हींचं रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असतं. १६ चा वर्ग २५६, ९ चा वर्ग ८१, बेरीज ३३७, वर्गमूळ १८.३६. म्हणून रुंदी = कर्ण × १६ ÷ १८.३६ आणि उंची = कर्ण × ९ ÷ १८.३६. सोप्या भाषेत, रुंदीसाठी कर्णाला ०.८७ ने आणि उंचीसाठी ०.४९ ने गुणा.

- ३२ इंची: रुंदी २७.९ इंच, उंची १५.७ इंच
- ४३ इंची: रुंदी ३७.५ इंच, उंची २१.१ इंच
- ५५ इंची: रुंदी ४७.९ इंच, उंची २७ इंच

ही मापं फक्त पडद्याची आहेत. कडेची चौकट आणि खालचा स्टँड वेगळा धरा.

जुने डबा टीव्ही ४:३ प्रमाणाचे होते, म्हणजे थेट ३-४-५ चा त्रिकोण. पडद्याचा कर्ण २९ इंच धरला तर रुंदी २३.२ आणि उंची १७.४ इंच. म्हणजे २९ इंची डबा काढून ३२ इंची एलईडी आणला तर पडदा रुंद झाला, पण उंचीने पावणेदोन इंच कमी झाला. 'मोठा घेतला तरी लहान का वाटतो?' याचं उत्तर हे आहे.

मोबाइलच्या पडद्याचा रेखीवपणाही असाच काढतात. पडदा १,०८० × २,४०० पिक्सेलचा आणि ६.६ इंचांचा असेल, तर कर्णावरचे पिक्सेल आधी काढायचे: ११,६६,४०० + ५७,६०,००० = ६९,२६,४००, वर्गमूळ २,६३२. त्याला ६.६ ने भागलं की इंचाला साधारण ३९९ पिक्सेल.

## कपाट मावतं, पण उभं राहत नाही

खोलीची उंची फॉल्स सीलिंगनंतर ८ फूट २ इंच आहे. कपाट ८ फूट उंच आणि २ फूट खोल. दोन इंच शिल्लक आहेत म्हणून ऑर्डर दिली. माणसांनी ते आडवं करून खोलीत आणलं, उभं करायला गेले आणि ते वर अडकलं!

उभं करताना एका क्षणी कपाटाचा कर्ण सरळ वर येतो. ६४ + ४ = ६८, वर्गमूळ ८.२५. म्हणजे ८ फूट ३ इंच उंची लागते, आणि आपल्याकडे एक इंच कमी आहे. उपाय दोनच: वरचा लॉफ्टचा भाग वेगळा करून घेणे किंवा सुताराकडून कपाट जागेवरच जोडून घेणे. दोन्ही ऑर्डर देण्याआधीच ठरवावे लागतात.

लिफ्टमधून लांब वस्तू न्यायची तर त्रिमितीय कर्ण लागतो. सूत्र तेच, फक्त एक वर्ग वाढतो: लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींच्या वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ. लिफ्ट आतून १.१ × १.४ × २.२ मीटर असेल तर १.२१ + १.९६ + ४.८४ = ८.०१, वर्गमूळ २.८३ मीटर. १० फुटी पाइप ३.०५ मीटरचा असतो, म्हणजे कितीही तिरका केला तरी बसणार नाही. त्याला जिनाच.

## शिडी, रॅम्प आणि पत्रा

शिडी. भिंतीला टेकवायच्या शिडीसाठी सुरक्षिततेचा रूढ नियम १ ला ४ आहे: टेकण्याची जागा ४ फूट उंच असेल तर पाया भिंतीपासून १ फूट लांब. शिडी पुरेल की नाही हा पायथागोरसचा प्रश्न.

गच्चीची कड १० फुटांवर आहे. पाया २.५ फुटांवर. १०० + ६.२५ = १०६.२५, वर्गमूळ १०.३ फूट. गच्चीवर उतरताना धरायला शिडी कडेच्या वर किमान ३ फूट हवी. म्हणजे १३ फुटांहून थोडी जास्त, १४ फुटी शिडी घ्या. शिडी जास्त लांब आहे म्हणून पाया बाहेर ओढत नेला तर काय होतं? ५ मीटरच्या शिडीचा पाया ३ मीटर बाहेर नेला की टोक ४ मीटरवर येतं (पुन्हा ३-४-५). शिडी फार आडवी झाली, पाय ठेवला की सरकणार.

रॅम्प. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी १:१२ उतार धरतात. जोतं १८ इंच उंच असेल तर रॅम्प जमिनीवर १८ फूट लांब हवा. रॅम्पच्या तिरक्या पृष्ठभागाची लांबी: १.५ चा वर्ग २.२५, १८ चा वर्ग ३२४, बेरीज ३२६.२५, वर्गमूळ १८.०६ फूट. फक्त पाऊण इंच जास्त! एक बाजू दुसरीच्या मानाने खूप लहान असली की कर्ण आणि मोठी बाजू जवळजवळ सारखेच. अशा वेळी पायथागोरस न लावताही चालतं.

खरी अडचण त्या १८ फुटांची असते. जागा नाही म्हणून ६ फुटांत रॅम्प उरकला की उतार १:४ होतो. त्यावरून आजोबांची व्हीलचेअर एकट्याने वर नेता येत नाही आणि उतरताना ती हाताबाहेर जाते. सरळ १८ फूट नसतील तर मध्ये सपाट जागा देऊन रॅम्प वळवायचा, उतार वाढवायचा नाही.

पत्रा. दुपाखी शेड १८ फूट रुंद, मधला आढा बाजूच्या भिंतींपेक्षा ४ फूट उंच. एका बाजूची रुंदी ९ फूट. ८१ + १६ = ९७, वर्गमूळ ९.८५ फूट. पावसाचं पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून १ फूट पत्रा बाहेर काढला तर १०.८५ फूट. जमिनीवरचंच माप धरून '९ आणि १, दहा फुटी पत्रा आणा' असं सांगितलं तर प्रत्येक पत्रा १० इंच आखूड पडेल.

## नकाशावरचं अंतर

मोबाइलला तुमची जागा अक्षांश-रेखांशात कळते. दोन ठिकाणांमधलं अंतर काढायला उत्तर-दक्षिण फरक ही एक बाजू, पूर्व-पश्चिम फरक ही दुसरी बाजू, आणि सरळ अंतर हा कर्ण.

मात्र अंश म्हणजे किलोमीटर नव्हे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ध्रुवाकडे जाताना लहान होत जातो: पुण्यात सुमारे १०६, दिल्लीत ९८, लंडनमध्ये ६९ किलोमीटर. १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं की तो मिळतो.

पुणे (१८.५२, ७३.८६) आणि मुंबई (१९.०८, ७२.८८) घेऊ. अक्षांशाचा फरक ०.५६ अंश, म्हणजे ६२ किलोमीटर. रेखांशाचा फरक ०.९८ अंश, या पट्ट्यात एका अंशाचे १०५ किलोमीटर धरून १०३ किलोमीटर. ३,८४४ + १०,६०९ = १४,४५३, वर्गमूळ १२०. सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर.

रस्त्याने मात्र दीडशेच्या आसपास. कारण कर्ण म्हणजे पक्ष्याचा मार्ग, आपल्याला घाट उतरावा लागतो. वर्सोवा आणि मढ यांच्यामध्ये फक्त खाडी आहे, फेरीबोटीने काही मिनिटं. पण गाडीने जायचं तर मालाडवरून वळसा घालून वीसेक किलोमीटर. सरळ अंतरावरून 'जवळचा' डिलिव्हरीवाला शोधणारं अ‍ॅप वर्सोव्याची ऑर्डर मढच्या मुलाला देऊन बसेल, आणि पैसेही सरळ अंतरावर मोजले तर वळशाचं पेट्रोल त्याच्या खिशातून जाईल. म्हणून पायथागोरसचा वापर यादी छाटण्यापुरता करायचा, अंतिम निवड आणि पैसे रस्त्याच्या अंतरावरून.

शिवाय शेकडो किलोमीटरांपलीकडे पृथ्वीचा गोलवा आड येतो. तिथे गोलावरच्या अंतराचं हॅव्हरसाइन सूत्र वापरतात.

## क्षितिज किती लांब?

समुद्रकिनाऱ्यावर उभं राहिलं की नजर पाण्याला जिथे स्पर्श करते तिथे पृथ्वीची त्रिज्या नजरेच्या रेषेला काटकोनात असते. काटकोन मिळाला म्हणजे प्रमेय लागू! कर्ण = त्रिज्या + डोळ्यांची उंची, एक बाजू = त्रिज्या (६,३७१ किलोमीटर). सोडवल्यावर सोपं रूप मिळतं: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ घ्या, ३.५७ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये.

- डोळे १.७ मीटरवर: ४.७ किलोमीटर
- ४० मीटरचा टॉवर: २२.६ किलोमीटर
- कळसूबाई शिखर, १,६४६ मीटर: सुमारे १४५ किलोमीटर

हवेत प्रकाश किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं पुढचंही दिसतं. धुकं आणि मधले डोंगर मात्र सूत्रात नाहीत. दीपगृह आणि मोबाइलचे टॉवर उंचावर का असतात, आणि लांबच्या जहाजाचं वरचं टोक आधी का दिसतं, हे दोन्ही यातूनच कळतं.

## कोड लिहिणाऱ्यांसाठी चार गोष्टी

वर्गमूळ टाळा. सगळ्यात जवळचं दुकान शोधायचं असेल तर अंतरांची फक्त तुलना करायची असते. ज्याचा वर्ग लहान त्याचं अंतर लहान, मग हजारो वर्गमुळं कशाला काढायची? गेममधल्या दोन गोल वस्तू एकमेकांना धडकल्या का, हेही असंच तपासतात: केंद्रांमधल्या अंतराचा वर्ग विरुद्ध त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग.

आकडा मावतो का बघा. ३२ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आता ३२.७६८ मीटर बाजूचा चौरस प्लॉट मिलिमीटरमध्ये घ्या. ३२,७६८ चा वर्ग १,०७,३७,४१,८२४, आणि दोन वर्गांची बेरीज २,१४,७४,८३,६४८. मर्यादेपेक्षा बरोबर एकने जास्त! सी किंवा जावासारख्या भाषेत साधा पूर्णांक वापरला असेल तर इथे उत्तर बिघडतं, जावात तर ते चक्क ऋण येतं. ६४ बिटचा पूर्णांक किंवा दशांश संख्या वापरा.

तयार फंक्शन वापरा. सी, पायथन, जावास्क्रिप्ट अशा बहुतेक भाषांत 'हायपॉट' नावाचं फंक्शन असतं. अतिमोठ्या किंवा अतिसूक्ष्म संख्यांचा वर्ग करताना होणारी गडबड ते सांभाळून घेतं.

बरोबर-चिन्ह वापरू नका. 'तिन्ही बाजूंवरून काटकोन ओळखा' असा कोड लिहिताना दशांश संख्यांची थेट बरोबरी करू नये. ०.३, ०.४, ०.५ सारख्या बाजूंनाही शेवटच्या घरात सूक्ष्म फरक पडू शकतो. फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का ते तपासा. मिस्त्रीही तेच करतो: एखाददुसरा मिलिमीटर सोडून देतो, इंच सोडत नाही.

शेवटचं एक: हे सूत्र तीन मितींवर थांबत नाही. फोटो, शब्द किंवा गाणं शेकडो आकड्यांच्या यादीत बदलून दोन याद्यांमधलं अंतर काढताना बऱ्याचदा हीच वर्गांची बेरीज आणि वर्गमूळ असतं. 'तुम्हाला हेही आवडेल' अशा शिफारशींमागे अनेकदा असंच अंतर मोजलेलं असतं.

## जवळ ठेवण्यासारखं

- पूर्ण संख्यांची त्रिकुटं: ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५. यांची कुठलीही पट चालते.
- चौरसाचा कर्ण: बाजू × १.४१४
- १६:९ पडदा: रुंदी ०.८७ पट, उंची ०.४९ पट
- खोक्याचा सगळ्यात लांब कर्ण: तिन्ही मापांच्या वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ
- क्षितिज: ३.५७ × उंचीचं वर्गमूळ
- आयत तपासायचा तर दोन्ही कर्ण मोजा, वेड्यावाकड्या प्लॉटला चार बाजू आणि एक कर्ण.
- कोन काटकोन नसेल तर हे सूत्र थेट लावू नका. आकृतीत लंब टाकून काटकोन तयार करा किंवा हेरॉनचं सूत्र वापरा.